आधी ऊब, मग उड्डाण

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. आमच्या घरी आजी पहाटे उठली की ती बाटली न्हाणीघरातल्या बंबाशेजारी ठेवून देई. मला शाळेची घाई असे. बाटलीच्या कडेचे तेल जरासे सुटलेले दिसले की मी ती उपडी करून तळहातावर आपटत असे. दोन थेंब पडत आणि मधला पांढरा गोळा जागच्या जागी बसून राही. "कडेला सुटलं म्हणजे सगळं सुटलं असं नव्हे. जरा दम धर," असे आजी म्हणे. या वाक्याचा विमानविद्येशी काही संबंध आहे असे मला त्या वेळी कोणी सांगितले असते, तर मी हसले असते.

हा संबंध कसा जुळला ते आधी सांगायला हवे. मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे. गेल्या वर्षी शीत कटिबंधाचे प्रकरण शिकवताना सरांनी सांगितले की, अलास्कात आणि कॅनडाच्या उत्तर भागात शेकडो वस्त्या अशा आहेत की जिथे बारमाही रस्ता पोहोचलेलाच नाही. आपल्याकडे एस. टी. जशी गावोगाव जाते, तशी तिथे छोटी विमाने जातात. टपाल, किराणा, औषधे, आजारी माणसे, सारे काही त्यांतूनच. मी उभी राहून विचारले, "सर, उणे चाळीस अंशांत रात्रभर उभे राहिलेल्या विमानाचे इंजिन सकाळी सुरू कसे होते?" मागच्या बाकावरून कोणी तरी "किल्ली फिरवून!" असे म्हणाले आणि वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. "प्रश्न चांगला आहे. शोधून काढ आणि वार्षिक अंकाला लिही," एवढेच ते म्हणाले. त्या शोधातून हा लेख तयार झाला आहे.

या कामी मला माझ्या मामेभावाची फार मदत झाली. तो कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नोकरीला आहे आणि सुटीच्या दिवशी छोटे विमान चालवायला शिकला आहे. त्याच्या हातून घडलेली एक चूक मी या लेखात त्याच्या परवानगीने सांगणार आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना यंत्राची भाषा परकी वाटते, याची मला कल्पना आहे. मलाही ती वाटत होती. म्हणून शक्य तिथे घरातल्या आणि शिवारातल्या वस्तूंचेच दाखले दिले आहेत.

थंडी म्हणजे किती थंडी?

आपल्याकडे निफाडला पारा पाचसहा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी तापमान उणे ६३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अलास्कातील प्रॉस्पेक्ट क्रीक येथे २३ जानेवारी १९७१ रोजी ते उणे ६२ होते. हे अर्थात टोकाचे आकडे झाले; परंतु उणे ३० किंवा उणे ४० ही त्या मुलखातील हिवाळ्याची नेहमीची गोष्ट आहे. गंमत अशी की, उणे ४० या आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापे एक होतात. त्यामुळे तिथला माणूस "उणे चाळीस" म्हणाला की "कोणत्या मापाने?" असे विचारावे लागत नाही.

थंडीच्या जोडीला काळोख असतो. अलास्कातील फेअरबँक्स या शहरी डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस पावणेचार तासांहूनही कमी असतो. म्हणजे वैमानिकाला उजेडाचा वेळ अगदी मोजका मिळतो आणि इंजिन तापविण्याचे काम त्याआधी, अंधारातच उरकावे लागते. घाई का होते आणि घाईने चूक का घडते, याचे मूळ या भूगोलातच आहे.

मात्र इंजिन तापविण्याची गरज पडायला ध्रुवाजवळच जायला हवे असे नाही. छोट्या विमानांची इंजिने बनविणाऱ्या ज्या दोन अमेरिकन कंपन्या प्रसिद्ध आहेत, त्यांच्या सूचना पाहिल्या. कॉन्टिनेंटल कंपनी सांगते की, इंजिन दोन तास किंवा त्याहून अधिक काळ उणे ७ अंश किंवा त्याखालील थंडीत राहिले असेल, तर सुरू करण्यापूर्वी ते तापवावे. लायकॉमिंग कंपनीने आपल्या बहुतेक इंजिनांसाठी ही मर्यादा उणे १२ अंश अशी ठेवली आहे. म्हणजे पाणी गोठते त्याच्या थोडे खालीच धोक्याची रेषा सुरू होते.

गारठलेल्या इंजिनात काय घडते?

पहिली गोष्ट तेलाची. इंजिनात धातूवर धातू फिरत असतो आणि त्या दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो. हा थर आहे तोवर धातू धातूला शिवत नाही. परंतु तेलाचा दाटपणा तापमानाबरोबर फार झपाट्याने बदलतो. छोट्या विमानांत वापरले जाणारे नेहमीचे घट्ट तेल १०० अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या सुमारे दहापट ते ४० अंशांवर असते. आणि ४० अंश म्हणजे आपल्या विदर्भातला उन्हाळा! तिथून शून्यापर्यंत आणि पुढे उणे तीसपर्यंत उतरत गेल्यावर तेलाची काकवी होते, काकवीचा चिक्कीसाठी घट्ट केलेला पाक होतो आणि शेवटी ते ओतलेही जात नाही. इंजिनाच्या तळाशी तेलाचे साठवण असते. तिथून एक पंप ते खेचून वर, बेअरिंगांकडे पाठवतो. तेल वाहतच नसेल तर पंप काय खेचणार? इंजिन सुरू झालेले असते, पण आत कोरडे फिरत असते.

आता कोणी म्हणेल, थंडीतही पातळ राहणारे तेल वापरावे. तसे तेल मिळते आणि वापरलेही जाते. त्याने अडचण निम्मी सुटते. उरलेली निम्मी अडचण धातूची आहे आणि ती मला सर्वांत उद्बोधक वाटली.

गावाकडे लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक तापवली की मोठी होते, चाकावर सहज बसते, आणि वरून पाणी ओतले की आवळून लाकूड घट्ट धरते. विमानाच्या इंजिनात हाच प्रकार नको असताना घडतो. इंजिनाची बाहेरची पेटी ॲल्युमिनियमची असते, कारण विमान हलके हवे. तिच्या आत फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, पोलादाचा असतो, कारण तो मजबूत हवा. ॲल्युमिनियम हे तापमानाच्या प्रत्येक अंशामागे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावते. थंडी वाढेल तशी बाहेरची पेटी जास्त आवळते आणि आतला दांडा कमी. दोहोंमध्ये तेलाच्या थरासाठी मुद्दाम ठेवलेली फट लहान लहान होत जाते.

मी कागदावर हिशेब करून पाहिला. बेअरिंगचा व्यास ६० मिलिमीटर धरला आणि तापमान २० अंशांवरून उणे ३० अंशांवर आले असे मानले, तर दोन धातूंच्या आकुंचनातील फरक साधारण ०.०३ मिलिमीटर येतो. हा आकडा नगण्य वाटतो. परंतु मूळची फटच मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते! नवे, घट्ट बसवलेले इंजिन असेल तर ही फट जवळजवळ बुजूनच जाते. मग तेल कितीही पातळ असले तरी त्याला आत शिरायला जागा कुठे? म्हणून "चांगले तेल घातले आहे, आता तापवायची गरज नाही," हे म्हणणे अर्धसत्य ठरते. उबेवाचून फट उघडत नाही.

तिसरी अडचण पेट्रोलची. पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. वस्तुतः जळते ती त्याची वाफ. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलची वाफ फार थोडी होते. म्हणून वैमानिक जादा पेट्रोल आत सोडतो. ते प्रमाणाबाहेर झाले तर सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन निघते, खाली ओघळलेले पेट्रोल पेटून आगही लागू शकते. शिवाय आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. इंजिन एकदोन वेळा फुरफुरते आणि बंद पडते. त्या क्षणिक ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते, कारण ज्वलनात पाणी तयार होतच असते. ती वाफ गार स्पार्क प्लगच्या टोकांवर लगेच गोठते आणि ठिणगीची वाट बंद होते. आता कितीही फिरवा, इंजिन हूं की चूं करत नाही. प्लग तापवून तो बर्फ घालवल्याशिवाय गत्यंतर नसते.

बॅटरीची तऱ्हाही अशीच. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते. इंजिन फिरवायला सर्वांत जास्त ताकद लागते तेव्हाच तिची ताकद सर्वांत कमी असते.

आणखी एक धोका उड्डाणानंतरचा आहे. इंजिनाच्या पेटीतील वाफा बाहेर जाव्यात म्हणून एक श्वासनळी असते. त्या वाफांत पाणी असते. नळीच्या तोंडाशी ते गोठून बूच बसले, तर आतला दाब वाढतो आणि पुढच्या बाजूचे तेल अडविणारे सील निसटून सारे तेल बाहेर फेकले जाऊ शकते. यावर उपाय म्हणून नळीला आतल्या, उबेच्या भागात आणखी एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. केवढेसे छिद्र, पण त्यावर माणसाचा जीव अवलंबून!

स्टोव्ह, कॅनव्हास आणि तेलाचा डबा

या साऱ्या गोष्टी पुस्तकात नंतर आल्या. आधी त्या माणसांनी हाल सोसून शिकून घेतल्या.

२१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आयल्सन या वैमानिकाने फेअरबँक्सहून मॅकग्राथपर्यंत टपाल नेले. अलास्कातील हे पहिले हवाई टपाल. कुत्र्यांच्या गाडीला ज्या वाटेवर आठवडे लागत, ती त्याने सुमारे तीन तासांत कापली. आता हिवाळ्यातही विमाने चालणार, असे लोकांना वाटले. परंतु पुढच्याच वर्षी कसोटीचा प्रसंग आला. जानेवारी १९२५ मध्ये किनाऱ्यावरच्या नोम या गावी घटसर्पाची साथ आली. लस दूर होती. फेअरबँक्सला विमाने होती, पण हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. ती उघड्या बैठकीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांची. अशा थंडीत ती पाठवणे म्हणजे विमान, माणूस आणि लस तिन्ही गमावण्याचा धोका होता. अखेर गव्हर्नर स्कॉट बोन यांनी कुत्र्यांच्या गाड्यांवर भरवसा ठेवला. वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी ६७४ मैलांची वाट साडेपाच दिवसांत तोडून २ फेब्रुवारी १९२५ रोजी लस पोहोचवली. बाल्टो आणि टोगो या कुत्र्यांची नावे त्यामुळे अजरामर झाली.

चारच वर्षांनी कॅनडात असाच प्रसंग आला. फोर्ट व्हर्मिलियनजवळील लिटल रेड रिव्हर या वस्तीत घटसर्प निघाला. मदतीचा निरोप तारघरापर्यंत पोहोचायलाच दिवसच्या दिवस लागले. २ जानेवारी १९२९ रोजी वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे दोघे एडमंटनहून एव्हरो एव्हियन या चिमुकल्या, उघड्या बैठकीच्या विमानातून लस घेऊन निघाले. या विमानाचे इंजिन हवेने थंड होणारे होते. त्यात गोठायला पाणी नव्हते. लस गोठू नये म्हणून ती घोंगड्यांत गुंडाळून जवळ कोळशाची लहानशी शेगडी ठेवली होती. वाटेत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीस, ते फोर्ट व्हर्मिलियनला उतरले. गारठलेल्या त्या दोघांचे परत आल्यावर एडमंटनच्या लोकांनी प्रचंड स्वागत केले.

या उड्डाणांच्या कथा वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. वैमानिकाचे नाव राहते. पहाटे अंधारात इंजिन तापवणाऱ्याचे बहुधा राहत नाही. त्या काळी उत्तरेकडे जाणाऱ्या विमानाबरोबर बहुधा एक मेकॅनिक असे. त्याचा दिवस असा असे. संध्याकाळी विमान गोठलेल्या सरोवरावर उतरले की इंजिन गरम असतानाच त्यातले सगळे तेल डब्यात काढून घ्यायचे. घसरपट्ट्या बर्फाला चिकटून बसू नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडे किंवा झाडाच्या फांद्या सारायच्या. पंखांवर हिम साचू नये म्हणून आवरणे घालायची. तेलाचा डबा तंबूत न्यायचा. पहाटे उठून तो चुलीवर चढवायचा. मग विमानाच्या नाकावरून जमिनीपर्यंत लोंबणारी कॅनव्हासची जाड खोळ घालायची आणि तिच्या आत, इंजिनाच्या बरोबर खाली, पेट्रोलवर चालणारा नळकारागिराचा ब्लो लॅम्प पेटवायचा. आपल्याकडच्या पंप मारायच्या स्टोव्हचाच तो दांडगा भाऊ.

आणि मग मेकॅनिकने त्या खोळीत स्वतः बसायचे! वर तेलकट इंजिन, पेट्रोलच्या नळ्या, भोवती कॅनव्हास, मध्ये उघडी ज्योत, आणि हाताशी आग विझवायचे साधन. डोळ्यांत धूर, पाठीला बर्फ. तास, कधी दीड-दोन तास असेच जायचे. नजर क्षणभर ढळली की विमानाची होळी. अशी विमाने जळालीही. इंजिन पुरेसे तापले की चुलीवरचे कढत तेल धावतच आणून ओतायचे, खोळ काढायची आणि पंखा हाताने फिरवायचा. इंजिन लगेच सुरू झाले तर ठीक. नाही झाले तर तेल पुन्हा गार होण्यापूर्वी काढून घ्यायचे आणि सारे पहिल्यापासून. तोवर दिवसाचा उजेड निघून गेला, तर उड्डाण उद्यावर.

पुढे दुसऱ्या महायुद्धात एक निराळी युक्ती सर्रास वापरली गेली. रात्री इंजिन बंद करण्यापूर्वी तेलात थोडे पेट्रोल मिसळायचे. सकाळी तेल पातळ असते. इंजिन तापले की पेट्रोल उडून जाते. युक्ती चांगली, पण प्रमाण चुकले तर अंगाशी येणारी. आणि आवळलेल्या धातूवर तिचा उपाय चालत नाही, हे वर पाहिलेच.

आजची साधने आणि जुनाच नियम

आता उघड्या ज्योतीचे दिवस बहुतांशी गेले. गरम हवा फेकणारी यंत्रे आहेत. त्यांची जाड नळी इंजिनाच्या आवरणात सोडतात. विजेची सोय असेल तिथे तेलाच्या साठवणीला खालून चिकटवलेली तापपट्टी आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा तापक असतो. रात्री तार जोडून इंजिनावर गोधडीसारखे जाड आवरण घातले की सकाळपर्यंत सारे इंजिन उबदार राहते. मॅनिटोबातील विनिपेग शहरात मोटारी उभ्या करायच्या जागीही विजेचे खांब असतात, रात्रभर मोटारीचे इंजिन ऊबेत राहावे म्हणून. आपल्या देशातही या प्रश्नाचे एक भावंड आहे. लडाखच्या हिवाळ्यात साधे डिझेल गोठते. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइल कंपनीने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले.

साधने बदलली, पण नियम तोच राहिला: ऊब सगळीकडे पोहोचली पाहिजे. नुसते वरचे सिलिंडर तापवले तर पेट्रोलची वाफ होते, ठिणगी पडते, इंजिन सुरूही होते. पण खालचे तेल गोठलेलेच असते. नुसते खालचे तेल तापवले तर वरचे बेअरिंग आवळलेलेच राहते. आणि सर्वांत फसवी ती घाईने दिलेली ऊब. अजिबात न तापवलेले इंजिन बहुधा सुरूच होत नाही, म्हणजे ते आपल्याला अडवते. अर्धवट तापवलेले इंजिन मात्र सुरू होते आणि आपल्याला फसवते.

मामेभावाची गोष्ट

ही फसगत दादाने स्वतः अनुभवली. मी त्याला पहिल्यांदा हा प्रश्न विचारला, तेव्हा तो फोनवर थोडा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, "बरं झालं विचारलंस. माझीच गोष्ट सांगतो. पण त्यात मी शहाणा नाही, हे आधी सांगून ठेवतो."

जानेवारीतली सकाळ. तापमान उणे २४. दोन आसनांचे शिकाऊ विमान रात्रभर उघड्यावर उभे होते. दादाला त्या दिवशी एकट्याने लांबचे उड्डाण करायचे होते. ते दोनदा हवामानामुळे रद्द झाले होते. तिसऱ्यांदा होऊ नये अशी त्याची इच्छा. इंजिन तासभर तापवायचे हा तिथला शिरस्ता. पण त्याने गरम हवेची नळी समोरून आत सोडली आणि वीस मिनिटांनी सिलिंडरला हात लावून पाहिला. "छान गरम लागला गं," तो म्हणाला. त्याने नळी काढली, आत बसला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू! त्याला कोण आनंद झाला.

समोर तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर होता. नियम असा की, एरवी अर्ध्या मिनिटात आणि कडक थंडीत फार तर मिनिटाभरात काटा हलला पाहिजे. न हलला तर तत्काळ इंजिन बंद करायचे. अर्धे मिनिट झाले. दादाने मनाशी म्हटले, थंडी आहे, वेळ लागणारच. मिनिट झाले. इंजिनाचा आवाज तर उत्तम येत होता! कदाचित काटाच अडकला असेल. दीड मिनिटाच्या सुमारास त्याच्या पोटात गोळा आला आणि त्याने इंजिन बंद केले.

शिक्षक आले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी दादाचा हात धरून इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या साठवणीला लावला. ती बर्फासारखी होती. मग तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. तेल तिला गुळाच्या पाकासारखे चिकटून आले, थेंब काही पडेना. पुढे तेलाची गाळणी उघडली, तेव्हा तिच्यात धातूचे चकचकीत कण सापडले. बेअरिंगे खरवडली गेली होती. इंजिन उतरवून उघडावे लागले आणि ते विमान कित्येक आठवडे जमिनीवर राहिले.

मी म्हटले, "थोडक्यात निभावलं म्हणायचं."

"नाही," दादा म्हणाला. "थोडक्यात कसं निभावलं ते ऐक. काटा शून्यावरच राहिला, म्हणून मी थांबलो. तो दीड मिनिटानं जरासा वर आला असता, तर मी उडालो असतो. बेअरिंग तेवढंच खराब झालेलं असतं आणि मला कळलंही नसतं. त्या दिवशी नाही, तर आणखी वीस तासांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती, जंगलावरून जाताना ते इंजिन बंद पडलं असतं. शिक्षकांनी मला एवढंच विचारलं: तो दुसरा माणूस कोण असता, हे तुला ठाऊक आहे का?"

त्या विमानात दादानंतर उडणार होती ती एक सतरा वर्षांची विद्यार्थिनी.

आता दादा उड्डाणाच्या दोन तास आधी जातो. गोधडी घालतो, गरम हवा आधी खालून देतो, मग वरून. आणि सिलिंडरला हात लावून पाहत नाही. तो हात लावतो तो पुढच्या पंख्याच्या मधोमध, आपण गाडीच्या चाकाला तुंबा म्हणतो त्या जागी. हे जुन्या वैमानिकांकडून तो शिकला. पंख्याचा तुंबा थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेला असतो. बाहेरून त्याला कोणी ऊब देत नाही. तो कोमट लागला, तर ती ऊब तेलातून, पेटीतून, बेअरिंगांतून आणि दांड्यातून प्रवास करीत आलेली असते. म्हणजे ती आतपर्यंत पोहोचली, याची ती साक्ष. तो गार असेल, तर थांबायचे. उड्डाण चुकले तरी थांबायचे.

मला वर्गात उत्तर मिळाले होते, "किल्ली फिरवून." ते अगदीच चूक नव्हते. किल्ली शेवटी फिरवावीच लागते. परंतु किल्लीपूर्वीचे दोन तास ज्याने अंधारात, कोणी पाहत नसताना इमानाने काढले, त्याच्याच जोरावर पुढचा माणूस आकाशात सुरक्षित असतो. तो माणूस त्याला बहुधा कधी भेटतही नाही.

या दिवाळीत घरी गेले होते. पहाटे गारठा होता. बाटली बंबाशेजारी ठेवली होती आणि कडेचे तेल सुटले होते. मी ती उचलली, उजेडात धरली. मधला गोळा अजून पांढरा होता. मी ती पुन्हा खाली ठेवली. आजी बघत होती. ती काही बोलली नाही.